सुईकोडेन: एकशे आठ माणसं जमवायचा खेळ, अगदी पहिल्यापासून

गावात कुणाच्या घरी प्लेस्टेशन आलं की त्यात ठरलेल्याच गोष्टी लागतात: क्रिकेट, फुटबॉल, कुस्ती, गाड्या. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी (एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायची लांबलचक गोष्ट), सहसा कुणी लावत नाही, आणि लावला तरी दोन दिवसांत काढून टाकतो. कारणं तीन. इंग्रजी वाचावं लागतं, खेळ पन्नास-साठ तास संपत नाही, आणि राक्षस मरायला टेकला की नेमकी लाईन जाते.

कोनामी कंपनीचा ‘सुईकोडेन’ या तिन्ही बाबतींत नवख्याला सांभाळून घेतो. पहिला भाग वीसेक तासांत उरकतो. साधी लढाई अर्ध्या-एक मिनिटात आटोपते. संवाद कुणी भराभर बोलून दाखवत नाही, सगळे लिहून येतात, त्यामुळे बटण दाबेपर्यंत ओळ पडद्यावर थांबते आणि अर्थ लागेपर्यंत तुम्हीही थांबू शकता.

पहिला भाग जपानमध्ये डिसेंबर १९९५ मध्ये आला, दुसरा डिसेंबर १९९८ मध्ये. लेखक-दिग्दर्शक योशिताका मुरायामा. १९९७ साली ‘फायनल फॅन्टसी सात’ आला आणि आरपीजी म्हणजे तोच, असं जगभर ठरून गेलं. दुसऱ्या भागाचं नशीबही तसंच. तो १९९९ मध्ये अमेरिकेत पोचला तेव्हा त्याच वर्षी तिथे ‘फायनल फॅन्टसी आठ’ही आला. चित्रं साधी, त्रिमितीचा झगमगाट नाही, म्हणून हा मागे पडला. पुढे याच दुसऱ्या भागाच्या जुन्या सीडीला भरमसाट किंमत यायला लागली.

नाव जपानी असलं तरी मूळ चिनी आहे. ‘पाणथळीच्या काठी’ दडून राहिलेल्या १०८ बंडखोरांची जुनी चिनी कादंबरी आहे, तिच्या नावाचा जपानी उच्चार म्हणजे सुईकोडेन. जपमाळेत मणी तितकीच इथे माणसं. तळ्यातला एक ओसाड किल्ला तुमच्या हाती येतो आणि तुम्ही गावोगाव फिरून तो वसवता. लोहार येतो, आचारी येतो, नाव बांधणारा येतो, न्हाणीघरवाला येतो, कोठार सांभाळणारा येतो. बारा बलुतेदार ज्याला माहीत आहेत त्याला हा खेळ कळायला वेळ लागत नाही. लढाया आहेतच, पण खरी मजा किल्ला भरत जाताना बघण्यात आहे.

कोणता घ्यायचा

६ मार्च २०२५ ला पहिला आणि दुसरा भाग एकत्र, नव्या चित्रांसह पुन्हा निघाले. प्लेस्टेशन ४ आणि ५, स्विच, एक्सबॉक्स आणि स्टीमवर (कॉम्प्युटरचे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान) मिळतात. नवख्याने हेच घ्यावेत. आपोआप सेव्ह होतं, लढाईचा वेग वाढवता येतो आणि झालेले संवाद मागे जाऊन पुन्हा वाचता येतात. इंग्रजी कच्चं असेल तर ही शेवटची सोय सगळ्यात मोठी.

प्लेस्टेशनची डिस्क घेताना खोक्यावरचा आकडा बघा. ४ ची डिस्क ५ वर चालते, ५ ची ४ वर चालत नाही. आणि ज्या ५ ला डिस्क घालायची खाचच नाही, त्याला कुठलीच डिस्क उपयोगाची नाही. सेकंडहँड मशीन घेताना हे विचारायचं हमखास राहून जातं.

घरात बरा लॅपटॉप असेल तर आमचा कौल स्टीमला. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, लाईन गेली तरी खेळ चालू राहतो. यूपीआयने पैसे भरता येतात. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून खेळ उतरवल्या उतरवल्या दीड तास सलग चालवून बघा: अडखळतो का, लॅपटॉप तापतो का. दोन तास उलटल्यावर ठरवायला बसू नका.

जुन्या प्लेस्टेशन २ वर पहिल्या प्लेस्टेशनची अस्सल सीडी लावायची असेल तर एक गोम आहे. त्या काळचे खेळ प्लेस्टेशन २ च्या मेमरी कार्डवर सेव्ह होत नाहीत. त्यांना पहिल्या प्लेस्टेशनचंच कार्ड लागतं. कार्ड नाही म्हणजे रोज ग्रेगमिन्स्टर शहरापासून नवी सुरुवात. शिवाय मशीनच्या मागचं लेबल वाचा. तिथे १००–२४० किंवा २२०–२४० व्होल्ट लिहिलेलं हवं. नुसतं १००–१२० असेल तर ते अमेरिका-जपानकडचं मशीन आहे, आपल्या सॉकेटमध्ये थेट लावलं की जळतं.

आधी लाईनचं बघा

घरच्या इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक छोटं बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असेल तर लाईन गेल्यावर बॅटरीकडे वळायला क्षणभर जास्त लागतो. पंख्याला ते कळतही नाही, पण कन्सोल, म्हणजे गेमचं मशीन, बंद पडून पुन्हा सुरू होतो. खेळताना बटण यूपीएसवर ठेवा.

याला दुसरी बाजू आहे. यूपीएस मोडला व्होल्टेजचा चढउतार कमी सोसतो. रब्बीत संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या, व्होल्टेज १८० च्या खाली आला, की लाईन असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. बॅटरी उतरत राहते आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. अशा दिवसांत खेळ संपला की बटण परत नॉर्मलला करा, नाहीतर रात्री पंखा बंद पडेल आणि खापर तुमच्या गेमवर फुटेल. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असलेला बरा. स्क्वेअर वेव्हवर ॲडाप्टर गुणगुणतात आणि जास्त तापतात.

इन्व्हर्टर नसेल तर कॉम्प्युटरचा ६०० व्हीए यूपीएस कन्सोल आणि टीव्हीला काही मिनिटं पुरतो. त्यावर खेळत बसायचं नाही. तेवढ्यात सेव्ह करून नीट बंद करायचं. रेस्ट मोडवर (खेळ थांबवून मशीन झोपवायची सोय) टाकून उठू नका. तो मोडही विजेवरच चालतो, लाईन गेली की थांबवलेला खेळ तिथेच संपतो.

अचानक बंद पडून प्लेस्टेशन ४ कुरकुर करायला लागला, यादी उशिरा उघडायला लागली, तर तो पूर्ण बंद करा. मग पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप वाजेल, सात-एक सेकंदांनी दुसरी वाजेल, तेव्हा सोडा. कंट्रोलर यूएसबी वायरने जोडा. येणाऱ्या यादीतला पाचवा पर्याय, ‘रिबिल्ड डेटाबेस’, निवडा. सेव्ह जात नाहीत. सहाव्या आणि सातव्या पर्यायाला मात्र हात लावू नका, ते सगळं पुसून टाकतात.

उन्हाळ्याचं वेगळं. प्लेस्टेशन ४ साठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंशांत असावं असं कंपनी सांगते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे ४५ सहज होतं. दुपारी खेळू नका, पहाटे किंवा रात्री खेळा. आणि मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका. थंड वाटतं म्हणून लोक नेमकं तिथेच ठेवतात, पण ती ओली हवा आहे. धूळ आणि ओल मिळून आतल्या पंख्यावर चिखलासारखा थर बसतो. कूलर खोलीत असू द्या, मशीन बाजूच्या भिंतीला, मागे वीतभर जागा सोडून.

पहिले दोन तास

तुम्ही साम्राज्याच्या एका सेनापतीचे चिरंजीव. नायकाला नाव द्यायचं असतं, स्वतःचं दिलं तरी चालतं. सोबत घरातलीच माणसं: ग्रेमियो, पान, क्लिओ आणि मित्र टेड. (पान हे माणसाचं नाव आहे, टपरीशी संबंध नाही.)

पहिली कामगिरी जादूगारिणीच्या बेटावर. तिथे ल्यूक नावाचा पोरगा तुमच्यावर एक गोलेम, म्हणजे जादूने चालणारा राक्षस, सोडतो. मरायचं कारण नाही, पण औषध जवळ हवं. निघण्याआधी गावातल्या दुकानातून ‘मेडिसिन’ घेऊन ठेवा.

पैसे मिळाले की टेडला चांगलं चिलखत घेऊन द्यावंसं वाटेल. घेऊ नका. या खेळात माणूस पथक सोडून जातो तेव्हा अंगावरचं सामान घेऊन जातो. सुरुवातीला पैसे नायक, ग्रेमियो आणि क्लिओवर घाला.

लढाईत ‘फ्री विल’ दाबलं की सगळे आपोआप वार करतात. वाटेवरच्या साध्या लढायांना तेच वापरा. शत्रू फारच दुबळा असेल तर पळण्याच्या जागी ‘लेट गो’ दिसतं, म्हणजे जाऊ द्या. दाबा आणि पुढे चला. ‘ब्राइब’ म्हणजे पैसे देऊन सुटका. ते अडीअडचणीला.

सेव्ह मुक्कामाच्या जागी, म्हणजे ‘इन’मध्ये करा. आपोआप सेव्हवर विसंबू नका, लढाई चालू असताना ते होत नाही. दोन-तीन जागा आलटून-पालटून वापरा. एकाच जागेवर सेव्ह करत राहिलात आणि तासाभराने कळलं की माणूस हातचा गेला, तर मागे जायला रस्ता उरत नाही.

कोण पुढे, कोण मागे

पथकात सहा जण, तीन पुढे, तीन मागे. प्रत्येकाच्या हत्यारापुढे एक इंग्रजी अक्षर असतं. एस म्हणजे आखूड: पुढच्या रांगेत उभा असेल तरच मारू शकतो. एम म्हणजे मध्यम: मागूनही वार पोचतो. एल म्हणजे लांब पल्ला: कुठूनही कुणालाही.

नवख्याची ठरलेली चूक म्हणजे एस वाल्याला मागे उभं करणं. मागे उभा ग्रेमियो कुऱ्हाड धरून नुसता बघत राहतो, आणि ‘फ्री विल’ दाबत सुटलेल्या खेळाडूला ते दहा लढायांनी कळतं. सुरुवातीची मांडणी अशी ठेवा: पुढे ग्रेमियो, पान, नायक, मागे क्लिओ आणि टेड. नायकाची काठी एम आहे, म्हणून पुढे कुणी दणकट आला की त्याला मागे घेता येतं. क्लिओच्या फेकण्याच्या सुऱ्या एल, तिला पुढे आणायची गरजच नाही.

काही जोड्या मिळून वार करतात, त्याला ‘युनाइट’ म्हणतात. पुढे भेटणारे व्हिक्टर आणि फ्लिक दोघं पथकात असले की यादीत तो पर्याय आपोआप दिसतो. नवा माणूस आला की त्याच्या ओळखीपाळखीचा कोण आहे बघा, आणि दोघांना एकत्र उभं करून बघा.

लोहार आधी, दुकान नंतर

इथे हत्यार विकत मिळत नाही. प्रत्येकाचं स्वतःचं एकच हत्यार असतं, ते लोहाराकडून ‘शार्पन’ करून घ्यायचं. सोळाव्या पातळीपर्यंत जातं. प्रत्येक लोहाराची मर्यादा ठरलेली, पुढच्या गावचा लोहार त्यापुढे नेतो. नव्या गावात पाऊल ठेवलं की आधी लोहार शोधा. पैसे कमी असतील तर सहा जणांना थोडं थोडं वाटू नका, नेहमी सोबत राहणाऱ्या तिघांची हत्यारं आधी वर न्या.

अनुभवाचा हिशेब मुद्दाम समजून घ्या, कारण दुसऱ्या खेळांची सवय इथे आड येते. प्रत्येक लेव्हलला सरसकट १००० गुण लागतात. गुण किती मिळणार हे शत्रू तुमच्यापेक्षा किती वरचढ आहे त्यावर ठरतं. लेव्हल १० चा माणूस लेव्हल ३० च्या पथकासोबत डोंगरात नेला तर एकेका लढाईत अनेक लेव्हल चढतो आणि चार-पाच लढायांत बाकीच्यांना गाठतो. उलट जागच्या जागी फेऱ्या मारून लेव्हल वाढवायला गेलात तर थोड्याच वेळात गुण मिळणं जवळपास थांबतं. म्हणून घासत बसू नका, पुढे चला. महिनाभर कापूस वेचणीत गेला, सेव्ह उघडून बघितलंच नाही, तरी कुणी फार मागे पडलेलं नसतं.

जादू ‘रून’मधून, म्हणजे माणसाला जोडलेल्या जादूच्या खुणेतून, येते. चार पातळ्या, प्रत्येक पातळीचे वापर मोजून दिलेले. इनमध्ये झोपलं की भरून येतात. मोठ्या राक्षसासाठी वरच्या पातळीचे राखून ठेवा.

वही घ्या

हा खेळ वहीशिवाय खेळू नये असं आमचं ठाम मत आहे. शंभर पानी वही पुरे. उजव्या पानावर नाव, गाव आणि तो काय मागतो. डाव्या पानावर न कळलेले इंग्रजी शब्द. ‘रिक्रूट’, ‘रिट्रीट’, ‘गॅरिसन’, ‘स्ट्रॅटेजिस्ट’ हेच शब्द फिरून फिरून येतात. पहिल्या चार-पाच तासांत पान भरतं, मग वाचण्याचा वेग आपोआप वाढतो.

गावात शिरलं की प्रत्येक घरात जा, प्रत्येकाशी बोला. ज्याला चेहऱ्याचं चित्र आणि नाव आहे तो बहुतेक १०८ पैकी एक असतो. काही जण विचारल्या विचारल्या येतात. काहींना वस्तू हवी असते. आंतेई गावातली एस्मेराल्डा ओपल नावाचा खडा आणल्याशिवाय हलत नाही. काही जण तुमची लेव्हल बघतात, काही किल्ला किती भरला ते बघतात. ‘आत्ता नाही’ अशा अर्थाचं कुणी बोललं तर वहीत गोल करून ठेवा. दोन-तीन मोठ्या घटनांनंतर परत जा.

‘ब्लिंकिंग मिरर’ नावाचा आरसा मिळाला की कुठूनही किल्ल्यावर परत येता येतं. तो मिळाल्यावर जुन्या गावांची फेरी एकदा नीट करा, वहीतले गोल निम्म्यावर येतील.

मुदत लक्षात ठेवा: शासाराझाद या पाण्यातल्या किल्ल्यावर चढाई करायच्या आधी सगळे गोळा झालेले हवेत. तिथे तुमचा सल्लागार मॅथ्यू तयार आहात का म्हणून विचारतो. वहीतले सगळे गोल पुसले नसतील तर नाही म्हणा. सगळे जमले तर पुढे काय घडतं ते सांगणार नाही, पण त्यासाठीच वही धरायची.

द्वंद्व आणि फौजेची लढाई

माणूस कायमचा हातचा जातो तो या दोन जागी. साध्या लढाईत पडलेला पुन्हा उठतो, इथे नाही.

द्वंद्वात दोघंच समोरासमोर, प्रत्येकी तीन पर्याय. दगड-कागद-कात्रीचाच प्रकार. ‘अटॅक’ ‘डिफेन्ड’ला भारी, ‘डिफेन्ड’ ‘डेस्परेट अटॅक’ला भारी, ‘डेस्परेट अटॅक’ साध्या ‘अटॅक’ला भारी. अंदाजाने बटण दाबायचं नसतं. दर फेरीआधी समोरचा एक वाक्य बोलतो, त्यातच त्याची पुढची चाल असते. ‘आता तुला संपवतो’ अशी मोठी गर्जना आली की तो डेस्परेट करणार, तुम्ही डिफेन्ड दाबा. दम खातोय, बिचकतोय, थांबून बघतोय असं वाक्य आलं की तो डिफेन्ड करणार, तुम्ही अटॅक दाबा. साधंसुधं आव्हान असेल तर बहुधा अटॅक, मग तुमचा डेस्परेट. वाक्य आणि त्यानंतरची चाल वहीत टिपली तर दुसऱ्या खेपेला द्वंद्व सोपं जातं.

कथेच्या मध्यावर पान एकटा मागे थांबून एका सेनापतीशी लढायला तयार होतो. हरला तर मरतो, आणि मग १०८ पूर्ण होत नाहीत. पुष्कळांचा खेळ इथेच फसतो, कारण तोवर पान किल्ल्यात जुन्या चिलखतावर बसून असतो. सुरुवातीनंतर तो काही काळ तुमच्यापासून दूर असतो; परत आल्यापासून त्याला अधूनमधून पथकात घ्या, लेव्हल बरोबरीला आणा, हत्यार धारदार करून ठेवा, त्या वेळचं सगळ्यात चांगलं चिलखत त्याच्या अंगावर घाला. द्वंद्वात लेव्हल आणि सामान दोन्ही मोजले जातात. नुसती वाक्यं ओळखून भागत नाही.

फौजेच्या लढाईतही तिहेरी गणित आहे: ‘चार्ज’ (थेट चढाई) धनुष्याला भारी, धनुष्य जादूला भारी, जादू चार्जला भारी. शत्रू काय करणार हे आधी कळण्यासाठी चोरांचं किंवा निन्जांचं पथक पाठवा, ते बातमी आणतात. बातमी नसताना चार्जने सुरुवात करू नका. चुकीच्या चालीत फौज कापली जाते आणि तुमच्या १०८ पैकी एखादा त्यात कायमचा जातो. लढाई संपल्यावर कोण गेला ते पडद्यावर दिसतं. कुणी गेला असेल तर पुढे न जाता आधीचा सेव्ह उघडा. प्रत्येक फौजी लढाईआधी वेगळ्या जागेवर सेव्ह हवा तो यासाठी.

दुसऱ्या भागाकडे

दुसरा भाग जास्त मोठा आणि खूप जास्त चांगला आहे, म्हणून थेट त्यातच उडी मारायचा मोह होतो. तसं करू नका. व्हिक्टर आणि फ्लिक तिथे पुन्हा भेटतात, आणि पहिला खेळलेला असेल तरच त्यांच्या थट्टेमस्करीला चव येते.

पहिला संपल्यावरचा सेव्ह ठेवा, पुसू नका. दुसरा सुरू करताना तो जोडता येतो. जोडला तर पहिल्या भागाचा नायक पुढे एका टप्प्यावर तुमच्या सोबत लढायला मिळतो. जोडायचं काम अगदी सुरुवातीलाच करायचं असतं, नंतर जोडता येत नाही. आणि दुसऱ्या भागात क्लाइव्ह नावाच्या बंदूकवाल्याची उपकथा आहे, ती खेळाच्या घड्याळात २० तास व्हायच्या आत संपवावी लागते. ती हवी असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा, आणि खेळ चालू ठेवून जेवायला उठू नका.